सत्तावीस वर्षे सहाय्यक

संपादक मंडळाच्या निरोपात एक ओळ ठळक अक्षरांत होती : सहलीच्या आणि छड्यांच्या आठवणी पुरेशा आल्या आहेत, कृपया काहीतरी वेगळं लिहा. म्हणून मी इतिहासावर लिहायला बसले आहे. दहावीला इतिहास-भूगोलानेच माझी टक्केवारी खाली ओढली होती, त्यामुळे आपल्या इतिहासाच्या बाईंना हे वाचून हसू येईल. पण बाई, सनावळ्या या वेळी पाठ आहेत.

विषय आहे अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या एका सहाय्यक प्रशिक्षकाचा. फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन, हेल्मेट घालून, एकमेकांना आडवं पाडत खेळायचा तो. मला त्यातलं पहिल्या वर्षी काहीच कळत नव्हतं. कळायला लागलं ते एका माणसामुळे.

२००३ च्या ऑगस्टमध्ये एम.एस. करायला मी मिसिसिपी स्टेट विद्यापीठात गेले. स्टार्कव्हिल हे वीस-बावीस हजार वस्तीचं गाव. भोवती कुरणं आणि शेती. विमानातून अमेरिका म्हणून जी उंच इमारतींची कल्पना नेली होती ती तिथे उतरल्या उतरल्या मोडली. या विद्यापीठाच्या सामन्यांना लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन जातात आणि आपल्या संघाने काही केलं की हजारो घंटा एकदम वाजवतात. त्यांच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्स नावाच्या संघटनेने १९७४ मध्ये अशा आवाजी साधनांवर बंदी घातली होती. तरी आजीबाईसुद्धा कोटाच्या आत लपवून घंटा न्यायच्या. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मला बैलपोळा आठवला आणि मग शाळा सुटल्याची घंटा.

त्या वर्षी संघ बारा सामन्यांपैकी दोन जिंकला. जुने प्रशिक्षक जॅकी शेरिल निवृत्त झाले आणि १ डिसेंबर २००३ रोजी सिल्व्हेस्टर क्रूम यांची नेमणूक जाहीर झाली. आमच्या लॅबमध्ये एक स्थानिक मुलगा होता, एरवी अबोल. तो त्या दिवशी उभाच राहिला. म्हणाला, ही संघटना १९३२ पासून आहे, बारा विद्यापीठं आहेत आणि त्यांतल्या एकानेही आजवर कृष्णवर्णीय माणसाला मुख्य प्रशिक्षक केलं नव्हतं. मी विचारलं, मग हे इतके दिवस कुठे होते? तो म्हणाला, सहाय्यक होते.

या एका शब्दात किती वर्षं मावतात ते मी पुढे शोधून काढलं. त्यासाठी आधी ही नोकरी काय असते ते सांगायला हवं.

सगळ्यात खालची पायरी ग्रॅज्युएट असिस्टंटची. नावाला पदव्युत्तर विद्यार्थी, हातात तुटपुंजा भत्ता, आणि काम पहाटेपासून रात्रीपर्यंत. पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांच्या फिल्म बघायच्या, प्रत्येक चाल कागदावर उतरवायची, कोणत्या परिस्थितीत ते काय करतात याचा हिशेब मांडायचा. त्या काळात हे सगळं फिल्मच्या रिळांवर चाले, कापायची आणि चिकटवायची. (आज आम्ही ज्याला डेटा साफ करणं म्हणतो आणि त्याचा बरा पगार घेतो, तेच हे काम.) त्यानंतर एका जागेचा प्रशिक्षक, म्हणजे फक्त धावणाऱ्यांचा किंवा फक्त बचावफळीतल्या एका रांगेचा. त्यावर कोऑर्डिनेटर, ज्याच्याकडे अख्खं आक्रमण किंवा अख्खा बचाव असतो. आणि त्यावर मुख्य प्रशिक्षक, ज्याचं नाव वर्तमानपत्रात येतं. २००४ साली मोठ्या विद्यापीठांत एका मुख्य प्रशिक्षकाखाली नऊ पूर्णवेळ सहाय्यक असत.

हे नऊ जण हंगाम संपला की गाडी घेऊन गावोगाव फिरतात. सतरा वर्षांच्या मुलाच्या घरी जायचं, आईच्या हातचं खायचं, वडिलांना पटवायचं की तुमचा मुलगा आमच्याकडे शिकेल, पदवी घेईल. आणि मुख्य प्रशिक्षकाला काढलं की बहुतेक वेळा या नऊ जणांचीही घरं हलतात. पोरांच्या शाळा बदलतात. त्यामुळे या धंद्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोणाची कोणाशी ओळख आहे. वरचा माणूस नव्या गावी गेला की आपल्या माणसांना घेऊन जातो.

आता क्रूम यांच्याकडे येते. जन्म २५ सप्टेंबर १९५४, गाव टस्कलूसा, अलाबामा. अलाबामा विद्यापीठ याच गावात. क्रूम आठ वर्षांचे असताना, ११ जून १९६३ रोजी, त्या राज्याचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस विद्यापीठाच्या दारात स्वतः उभे राहिले, कारण व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आत येऊ द्यायचं नव्हतं. केंद्र सरकारने नॅशनल गार्ड आणल्यावर गव्हर्नर बाजूला झाले. क्रूम यांचे वडील, तेही सिल्व्हेस्टरच, उत्तम फुटबॉल खेळायचे, पण खेळले ते अलाबामा ए अँड एम या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून. पुढे ते धर्मोपदेशक झाले आणि काळ बदलल्यावर याच अलाबामा विद्यापीठाच्या संघाचे पाद्री झाले.

काळ बदलला तो कसा, याची एक दंतकथा आहे. अलाबामाचे प्रशिक्षक पॉल ब्रायंट, टोपणनाव 'बेअर' म्हणजे अस्वल. १२ सप्टेंबर १९७० ला बर्मिंगहॅमच्या लीजन फील्डवर त्यांच्या संपूर्ण गोऱ्या संघाला दक्षिण कॅलिफोर्नियाच्या संघाने ४२-२१ असं हरवलं. सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने त्यांना अक्षरशः तुडवलं. त्या एका संध्याकाळी अलाबामाचे डोळे उघडले, असं लोक सांगतात. गोष्ट छान आहे, मलाही पहिल्यांदा आवडली होती. पण तारखा जुळवून पाहिल्या तर विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय मुलाला शिष्यवृत्ती देऊन अलाबामाने आधीच घेतलेलं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य संघात खेळता येत नसे, म्हणून तो त्या दिवशी मैदानात नव्हता. आणि त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी याच प्रश्नावर ब्रायंट यांच्याविरुद्ध कोर्टात दावा लावला होता. कोर्टकचेरी करणाऱ्या मुलांपेक्षा एक पराभव गोष्टीत जास्त शोभून दिसतो, एवढंच.

१९७१ मध्ये जॉन मिचेल हा अलाबामाकडून मैदानात उतरलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला आणि १९७३ मध्ये तोच तिथला पहिला कृष्णवर्णीय सहाय्यक प्रशिक्षक झाला. क्रूम याच वर्षांत अलाबामाकडून खेळत होते. त्यांची जागा सेंटरची. म्हणजे वाकून उभं राहायचं, दोन पायांमधून चेंडू मागे द्यायचा आणि पुढच्याच क्षणी समोरच्या धटिंगणाला छातीवर घ्यायचं. चेंडू घेऊन धावणाऱ्याचा फोटो येतो, सेंटरचा नाही. तरी १९७४ मध्ये ते संघाचे एक कर्णधार होते आणि देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत, ऑल-अमेरिकन म्हणून, निवडले गेले. १९७५ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या व्यावसायिक संघाकडून एक सामना खेळले. एकच.

१९७६ मध्ये ते परत टस्कलूसाला आले, ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून. पुढच्या वर्षी पूर्णवेळ सहाय्यक झाले, लाइनबॅकरांचे प्रशिक्षक. तिथे दहा वर्षं राहिले. ब्रायंट सराव बघायचे ते मैदानातल्या एका उंच मनोऱ्यावरून, शेतातल्या मचाणावर बसावं तसे. खाली घाम गाळायचे ते सहाय्यक. १९७८ आणि १९७९ असं लागोपाठ दोनदा अलाबामा राष्ट्रीय विजेता ठरला, त्या दोन्ही वेळी क्रूम खाली होते.

लॅबमध्ये प्रोग्राम तासन्‌तास चालत राहायचे तेव्हा मी एक तक्ता केला होता. ब्रायंट यांच्या हाताखाली खेळलेले किंवा काम केलेले कोण कोण, आणि प्रत्येक जण कितव्या वर्षी मुख्य प्रशिक्षक झाला. हौस म्हणून. खुद्द ब्रायंट १९४५ मध्ये मेरीलंडला मुख्य प्रशिक्षक झाले तेव्हा ३२ वर्षांचे होते. डॅनी फोर्ड ३० व्या वर्षी क्लेम्सनचे झाले, आणि १९८१ च्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपद घेऊन आले. जॅकी शेरिल ३२ व्या वर्षी वॉशिंग्टन स्टेटचे झाले, साल १९७६. क्रूम यांनी रिळं कापायला सुरुवात केली तेच साल. म्हणजे ज्यांच्या जागेवर क्रूम २००३ मध्ये आले, ते शेरिल आणि क्रूम एकाच घराण्यातले. एकाच्या शर्यतीचा शेवट आला तेव्हा दुसऱ्याला पहिल्यांदा रेषेवर उभं केलं. तो तक्ता मी खूप वेळ बघत बसले होते.

पुढची वाटचाल मी झरझर सांगते, कारण त्या माणसालाही ती तशीच करावी लागली. ब्रायंट १९८२ च्या अखेरीस निवृत्त झाले आणि महिन्याभरात गेले. त्यांच्या जागी रे पर्किन्स आले. १९८७ मध्ये पर्किन्स टॅम्पाच्या व्यावसायिक संघाकडे गेले, क्रूम त्यांच्याबरोबर गेले. मग १९९१ ला इंडियानापोलिस. १९९२ ते ९६ सॅन डिएगो, तिथे बॉबी रॉस यांच्या हाताखाली. १९९५ च्या जानेवारीत, आपण दहावीची सराव परीक्षा देत होतो तेव्हा, हा संघ सुपर बोलपर्यंत पोचला आणि तिथे ४९-२६ असा हरला. १९९७ मध्ये रॉस डेट्रॉइटला गेले, क्रूमही गेले, आणि तिथे पहिल्यांदा कोऑर्डिनेटर झाले. त्या हंगामात त्यांच्या संघातला बॅरी सँडर्स २,०५३ यार्ड धावला. २००१ मध्ये ग्रीन बे.

डेट्रॉइट सोडलं तर या सगळ्या ठिकाणी क्रूम यांच्याकडे धावणाऱ्यांची तुकडीच होती. हा योगायोग नाही. कृष्णवर्णीय सहाय्यकांना नेमकी हीच जागा द्यायची पद्धत होती. धावणाऱ्यांचा प्रशिक्षक चालींची आखणी करत नाही, आणि ज्याने आखणी केली नाही त्याला मुख्य कसा करणार, असं मग त्यालाच विचारायचं. माझ्या स्वतःच्या एका जुन्या नोकरीत मला सात वर्षं टेस्टिंगमध्ये ठेवून आठव्या वर्षी विचारलं होतं की तुला डिझाइनचा अनुभव कुठे आहे. त्यामुळे हा भाग मला कोणी समजावून सांगावा लागला नाही.

२००३ च्या मे महिन्यात अलाबामाला अचानक नवा प्रशिक्षक हवा होता. आधीच्या डिसेंबरात नेमलेल्या माइक प्राइस यांना एकही सामना होण्याआधी काढावं लागलं होतं. क्रूम यांची मुलाखत झाली. आपलं गाव, आपलं विद्यापीठ. १९८८ पासून तिथे क्रूम यांच्याच नावाचं एक पारितोषिक खेळाडूंना दिलं जात होतं. निवड झाली ती माइक शूला यांची. वय ३७, पूर्वी कुठेही मुख्य प्रशिक्षक नव्हते, आणि नामवंत प्रशिक्षक डॉन शूला यांचे चिरंजीव. हे माइक शूला ऐंशीच्या दशकात अलाबामाकडून खेळायचे तेव्हा क्रूम तिथे प्रशिक्षक होते. नंतर सात महिन्यांत मिसिसिपी स्टेटने बोलावलं.

मिसिसिपीने बोलावलं याचं आमच्याकडच्या लोकांनाही नवल वाटलं होतं. पण या विद्यापीठाचीच एक जुनी गोष्ट आहे, फारशी कोणाला माहीत नसलेली. १९६३ च्या मार्चमध्ये त्यांचा बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेला पात्र ठरला. पण समोर कृष्णवर्णीय खेळाडू असतील म्हणून राज्याच्या पुढाऱ्यांना संघ जाऊ द्यायचा नव्हता, कोर्टाचा मनाई हुकूमही निघाला. तो हातात पडण्याआधीच संघ गुपचूप निसटला, मिशिगनला जाऊन शिकागोच्या लोयोला विद्यापीठाशी खेळला आणि ६१-५१ असा हरला. म्हणजे पळून जाऊन हरून आलेली पोरं. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

क्रूम यांनी पहिल्याच पत्रकार परिषदेत सांगितलं की इथे एकच रंग महत्त्वाचा, आणि तो म्हणजे मरून. विद्यापीठाचा रंग. टाळ्या पडल्या. मला मात्र वाटत राहिलं की हे वाक्य म्हणायची पाळी यापूर्वीच्या कोणा प्रशिक्षकावर आली नव्हती.

त्यांना मिळालेला संघ मोडकळीला आलेला होता. आधीच्या काळातल्या नियमभंगामुळे शिष्यवृत्त्यांमध्ये कपात झाली आणि २००४ च्या हंगामानंतरच्या सामन्यांवर बंदी आली. पहिला सामना टुलेनशी, २८-७ असा जिंकला. मग मेन राज्याच्या, खालच्या गटातल्या संघाकडून घरच्या मैदानावर ९-७ अशी हार. दुकानात, बसमध्ये लोक जे बोलत ते मी इथे लिहीत नाही. २३ ऑक्टोबर २००४ ला फ्लोरिडाचा बलाढ्य संघ आला. माझी परीक्षा होती, पण लॅबमधल्या त्या अबोल मुलाने तिकीट हातात ठेवलं आणि कोटाच्या खिशात एक घंटाही घातली. आम्ही ३८-३१ जिंकलो. शेवटच्या मिनिटात जेरियस नॉरवुड मोकळा सुटून धावला तेव्हा बंदी असलेल्या सगळ्या घंटा बाहेर आल्या. माझीही. दोन दिवसांनी फ्लोरिडाने आपले प्रशिक्षक रॉन झूक यांना काढल्याचं जाहीर केलं. म्हणजे त्यांच्या सहाय्यकांच्या डोक्यावरही टांगती तलवार आली. हे मला त्या वेळी सुचलं नव्हतं, मी घंटा वाजवत होते.

त्यानंतर मी २००५ मध्ये नोकरीसाठी तिथून निघाले आणि बाकीचं दुरून पाहिलं. तीन हंगाम, प्रत्येकी तीनच विजय. २००७ मध्ये आठ विजय. त्यांत अलाबामाला १७-१२ असं हरवलं, तेही सलग दुसऱ्या वर्षी. क्रूम त्या वर्षीचे संघटनेचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. २९ डिसेंबर २००७ ला मेंफिसमध्ये लिबर्टी बोल १०-३ असा जिंकला. ब्रायंट यांचा अखेरचा सामना याच मैदानावर, याच स्पर्धेत, २९ डिसेंबर १९८२ ला झाला होता आणि तेव्हा क्रूम त्यांचे सहाय्यक होते. बरोबर पंचवीस वर्षं. मला हे कळलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि सांगायला घरात कोणी जागं नव्हतं.

२००८ मध्ये पुन्हा घसरण. ऑबर्नविरुद्धचा एक सामना ३-२ असा हरले. हा फुटबॉलचा आकडा आहे, छपाईची चूक नाही. हंगामाच्या शेवटी परंपरागत प्रतिस्पर्धी ओल मिसने ४५-० असं चिरडलं आणि दुसऱ्या दिवशी क्रूम यांनी राजीनामा दिला. एकूण २१ विजय, ३८ पराभव. हे आकडे वाईटच आहेत, त्यांना मी रंग फासणार नाही. दोन वर्षांत केंटकीने जोकर फिलिप्स यांना मुख्य प्रशिक्षक केलं, मग व्हँडरबिल्टने जेम्स फ्रँकलिन यांना, मग टेक्सास ए अँड एमने केव्हिन समलिन यांना. त्या बातम्यांत 'पहिले' हा शब्द संपूर्ण संघटनेसाठी वापरावा लागला नाही. क्रूम मात्र २००९ मध्ये सेंट लुइसच्या व्यावसायिक संघात रुजू झाले, मग जॅक्सनव्हिल, मग टेनेसी. पद : धावणाऱ्यांचे प्रशिक्षक. सहाय्यक.

आता मला जे इतका वेळ लिहायचं होतं ते लिहिते. १९९३-९४ चा आपला मुलींचा खो-खो संघ तालुक्यात पहिला आणि जिल्ह्यात उपविजेता आला. फॉर्मवर, प्रमाणपत्रावर प्रशिक्षक म्हणून पी.टी.च्या सरांचं नाव होतं आणि ते बरोबरच होतं. पण खांबावर सूर कसा मारायचा, एकेरी साखळीत श्वास कसा राखायचा, पाठलाग करणारी अंगावर येईपर्यंत थांबून मग हुलकावणी कशी द्यायची, हे आपल्याला शिपाईमामांनी शिकवलं. साडेपाचची घंटा देऊन, सगळ्या वर्गांच्या खिडक्या लावून ते मैदानात यायचे. स्वतः तरुणपणी खेळलेले होते. सरांनीच त्यांना मैदानात आणलं होतं, हे सर आजही सांगतील.

बक्षीस समारंभात कर्णधार म्हणून आभाराचं भाषण माझं होतं. मी मुख्याध्यापकांपासून बस पाठवणाऱ्या पालकांपर्यंत एकवीस नावं घेतली. कागदावर लिहिलेली होती, पाठ केली होती. मामांचं त्यांत नव्हतं. मुद्दाम वगळलं नव्हतं, ते लिहायचं सुचलंच नाही. माइकची वायर निघू नये म्हणून ते पूर्ण वेळ माझ्या मागे ती हातात धरून उभे होते.

त्या दिवशीचा संघाचा फोटो कार्यालयात लावलेला असायचा. नव्या इमारतीत तो दिसला नाही. त्यात उजव्या कडेला, दाराच्या चौकटीत, अर्धा खांदा आणि किल्ल्यांचा जुडगा धरलेला एक हात आलेला आहे. कोणाच्या घरी त्याची प्रत असेल तर संपादक मंडळाकडे पाठवा. छापताना कडा कापू नका.